इत्यादी

टिळकनगर, चेंबूर. इमारतीला पाडायची नोटीस लागलेली.
तिसऱ्या मजल्यावर टिपणीसबाई म्हणाल्या,
"सगळं उघडतं रे परकार. हवामान उघडतं, विजेचं बिल उघडतं,
भरल्या तोंडल्यांची कृतीसुद्धा उघडते.
शेअर्सची तेवढी उघडत नाही.
वर्षश्राद्धाच्या आत कागद द्यायचेत, दीर रोज फोन करतात."

मी आधी ते केलं जे आम्ही सगळेच आधी करतो:
बंद केलं, चालू केलं.
राउटरची पिन काढून वीसपर्यंत मोजलं.
दुसरा ब्राउझर. कॅशे साफ.
अँटिव्हायरसला थोडा वेळ झोपवलं.
माझ्या फोनवर, त्याच वायफायवर, तीच साइट
मुकाट उघडली.
म्हणजे लाइन ठीक, कंपनी ठीक,
समुद्राखालची केबलही ठीकच असावी.
खोट या टेबलावर,
क्रोशाच्या रुमालाखाली.

मग काळी खिडकी उघडून साइटला नावानं हाक मारली.
उत्तर डोळा लवायच्या आत.
इतक्या लवकर मुंबईत कुणी ओ देत नाही.
पत्ता पाहिला: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
हा पत्ता प्रत्येक यंत्राला पाठ असतो.
अर्थ एवढाच: मीच. इथेच. घरी.

सिस्टिमच्या पोटात खोल एक फोल्डर असतो,
त्याचं नावच 'इत्यादी'.
त्यात होस्ट्स नावाची एक फाइल, आडनाव नसलेली.
तिथे कुणी जात नाही. मीही वर्षातून एकदा.
नोटपॅडमध्ये उघडली
आणि टिपणीसकाका टाइप करत बसलेले दिसले.

रमीच्या चार. लॉटरीच्या दोन. झटपट कर्जाच्या तीन.
शेअर्सची एक.
प्रत्येक नावाला तोच पत्ता जोडलेला:
हे मागितलं, घरी पाठव.
ते मागितलं, घरी पाठव.
काही ओळींपुढे जाळीचं चिन्ह,
म्हणजे ही ओळ पाळायची नाही.
खाली तीच रमी पुन्हा, जाळीशिवाय.
मग तिच्यापुढेही जाळी. मग खाली नवी ओळ.
पाच वेळा.
मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी:
'पाडव्यापासून नाही.'
'फक्त आज.'
'आता खरंच नाही.'
पाचव्या ओळीपाशी काहीच लिहिलेलं नव्हतं.
ती चालू होती.

मी खिडकी लहान करायला गेलो.
"राहू दे."
चष्मा लावून त्या मागे उभ्या, केव्हापासून कोण जाणे.
"पाटल्या गेल्या तेव्हाच कळलं होतं मला.
पोस्टातलं मोडलं तेव्हाही.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
पण हे," बोट काचेला टेकलं, ठसा उमटला,
"हे नव्हतं माहीत."

पंखा जोरात होता. कुणीतरी कमी करायला हवा होता.

शेअर्सच्या ओळीपुढे मी जाळी घातली, फाइल जपून ठेवली.
"बाकीच्या काढून टाकू? आता कोण खेळतंय?"
"त्यांनी लावलंय ना. असू दे."

साइट उघडली. पासवर्ड डायरीत, दुधाच्या हिशेबाखाली.
मग ओटीपी मागितला, काकांच्या नंबरवर.
मी म्हणणार होतो, तो नंबर तर आता,
पण बाई आत गेल्या, कपाट करकरलं,
आणि त्यांच्या हातात तो फोन, पूर्ण चार्ज केलेला.
"दर अठ्ठावीस दिवसांनी भरते.
रमीवाल्यांचे मेसेज येतात अजून. या म्हणतात, बोनस देतो.
मी पुसून टाकते."

फोन वाजला. सहा आकडे.
त्या वाचत गेल्या, मी दाबत गेलो.
चौथा आकडा दोनदा विचारावा लागला.